शिवणीतली माया



शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एक लहानशी गोष्ट येते. एलीच्या दुष्ट मुलांची हकिकत चालू असते आणि मध्येच दोन ओळींत लेखक सांगून जातो की, शमुवेलाची आई दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवायची. वार्षिक यज्ञासाठी नवऱ्याबरोबर शिलोला जाताना तो झगा ती घेऊन जायची. एवढीच गोष्ट (१ शमुवेल २:१८-१९). आगमनकाळात मुलांना काय द्यायचे याची चर्चा आपल्या धर्मग्रामात सुरू झाली की मला या ओळी आठवतात.

हन्नाची अडचण काय होती ते पाहा. दूध तोडल्यावर तिने आपला मुलगा परमेश्वराच्या मंदिरात सोडला. भेट वर्षातून एकदा. माप घ्यायला मुलगा समोर नाही. मागच्या वर्षी तो कमरेपर्यंत येत होता, आता कुठवर आला असेल? बाह्या किती लांब धराव्यात? खांदा किती भरला असेल? घरात बसून तिने हे सगळे मनातल्या मनात मोजले असणार. वर्षभर आपण ज्याला पाहिले नाही त्याचा झगा शिवायचा, म्हणजे वर्षभर त्याची वाढ मनात चालू ठेवायची.

आपल्याकडच्या शिंप्यांच्या बोलीत यासाठी एक सुरेख शब्द आहे. कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड ठेवतात त्याला ‘माया’ म्हणतात. मूल वाढले की शिवण उसवायची, आतली माया सोडायची आणि तोच कपडा आणखी वर्षभर चालवायचा. “माया जरा जास्त ठेवा, वाढतं अंग आहे,” असे बेळगावच्या कोणत्याही शिंप्याला आयांनी सांगितलेले आपण ऐकलेले आहे. जिव्हाळ्याला आणि शिवणीतल्या शिलकीच्या कापडाला मराठीत एकच शब्द आहे. आजच्या लेखाचा विषय हाच आहे: लहान मुलासाठी हाताने शिवलेली, पैशाने स्वस्त भेट आणि तिच्यात ठेवलेली माया.

दोन झगे

पवित्र शास्त्रात मुलाला दिलेला आणखी एक झगा आपल्याला ठाऊक आहे. याकोबाने योसेफाला दिलेला पायघोळ झगा (उत्पत्ती ३७). तो भारी होता आणि सगळ्या भावांत एकट्यालाच मिळाला होता. त्या झग्याने घरात मत्सर पेटला आणि शेवटी तो बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाकडे परत आला. बापाचे प्रेम खोटे नव्हते, पण त्या भेटीत मुलाच्या गरजेपेक्षा बापाची आवड मोठी होती.

हन्नाचा झगा साधा होता. तो दर वर्षी अपुरा व्हायचा आणि दर वर्षी नवा यायचा. पुढे तिला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या. ज्या आईने दर वर्षी शिलोची वाट धरली तिचा हा नेम घरात मुले वाढली म्हणून सुटला असेल असे मला वाटत नाही. आणखी एक गोष्ट बारकाईने वाचणाऱ्याला सापडते. मूळ हिब्रू भाषेत हन्नाच्या झग्यासाठी जो शब्द आहे, तोच शब्द म्हाताऱ्या शमुवेलाच्या झग्यासाठीही येतो. अठ्ठाविसाव्या अध्यायात मेलेला शमुवेल वर येताना दिसतो, तेव्हा शौल त्याला ओळखतो तो झगा पांघरलेल्या म्हाताऱ्याच्या वर्णनावरून. आईने लहानपणी दिलेले वस्त्र संदेष्ट्याची ओळख होऊन बसले.

बाळंते, कुंची आणि वाकळ

आता आपल्या भागाकडे येऊ. ख्रिस्तजन्माची गोष्ट सांगताना मराठी पवित्र शास्त्रात ‘बाळंते’ हा शब्द आला आहे. मरीयेने बाळाला बाळंत्यात गुंडाळले आणि गव्हाणीत ठेवले (लूक २:७). हा शब्द अनुवादकांनी पुस्तकातून शोधून काढलेला नाही, तो घराघरातला आहे. आजीच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या नऊवारी लुगड्याचे फाडलेले तुकडे म्हणजे बाळंती. नवे कापड बाळाच्या अंगाला टोचते, जुने टोचत नाही. म्हणून आपल्याकडे बाळाचे पहिले वस्त्र जुने असायचे. देवाच्या पुत्राच्या अंगाला लागलेले पहिले कापड मराठी माणसाने वाचले ते असे, लुगड्याच्या तुकड्यासारखे.

त्यानंतर यायची कुंची. डोके, कान आणि पाठ झाकणारी, हनुवटीखाली बंदाने बांधायची. गुळेदगुड्डच्या खणाचा एक तुकडा, आतून मऊ सुती अस्तर, कडेला लेस किंवा मणी. ती आत्या आणायची किंवा आजोळहून यायची. आमच्या या सीमाभागात मराठीत जिला कुंची म्हणतात तिला कन्नडात कुंचिगे म्हणतात. मराठीतली वाकळ ती कन्नडातली कौदी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि भाषेचा प्रश्न अजून धुमसतो आहे. पण कुंचीचे बंद आणि वाकळीचे टाके दोन्ही भाषांच्या घरांत सारखेच राहिले.

वाकळ शिवायचे काम उन्हाळ्याचे. जुनी लुगडी, धोतरे, फाटके सदरे एकावर एक अंथरायचे आणि लांब धावदोऱ्याने पूर्ण भरून काढायचे. बाळासाठी लहान आकाराचे असेल तर ते दुपटे. अशा दुपट्यात आजोबांचे धोतर, आईचे लग्नातले लुगडे आणि मामाचा सदरा एकत्र असायचे. पैसे फक्त दोऱ्याचे. बाळाला मात्र अख्ख्या घराची ऊब मिळायची.

या वस्त्रांमागे भीतीही होती, हे विसरता कामा नये. १९११ ते १९१५ या काळात हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर १,००० बाळांपैकी सुमारे २०० बाळे वर्षाची होण्याआधीच जात होती. त्यात १८९७ पासून प्लेगच्या साथी बेळगावलाही आल्या आणि १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा आला. मुले जगत नसली की नव्या मुलाचे नाव धोंडू, दगडू, भिकू ठेवायचे, म्हणजे वाईट दृष्ट पडणार नाही. अशा काळात कुंची शिवणे म्हणजे हा कान झाकण्याइतका तरी जगेल अशी आशा धरणे. झबल्यात माया ठेवणे म्हणजे हा वाढेल असे म्हणणे. त्या आज्या आणि आत्या वेगवेगळ्या धर्मांच्या होत्या. पण सुईच्या टोकावर त्यांनी केलेली प्रार्थना देवाने ऐकली नसेल असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

खानापूर-हल्याळची रानवाट

बेळगावहून खानापूरकडे आणि पुढे हल्याळ, यल्लापूरच्या जंगलात गेले की सिद्दी लोकांच्या वस्त्या लागतात. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांतले बरेच जण गोव्यातल्या गुलामगिरीतून सुटून या रानात आले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आपले कॅथलिक बांधवही आहेत. त्यांच्या स्त्रिया ज्या वाकळी शिवतात त्यांना ‘कवंदी’ म्हणतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने तुकडे जोडत मध्याकडे यायचे, अशी त्यांची पद्धत. बाळांसाठी लहान कवंदी वेगळी. कॅथलिक बायका कधी कधी तिच्यावर क्रूस शिवतात.

कवंदी पूर्ण झाली की तिच्या चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ लावायची असतात. फुले नसतील तर कवंदी उघडी राहिली असे त्या म्हणतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कलाभ्यासक हेन्री ड्र्यूअल यांनी या कामाचा अभ्यास केला आणि पुढे या वाकळी परदेशातल्या प्रदर्शनांतही मांडल्या गेल्या. मला त्यातले मोल वाटते ते फुलांचे. थंडी घालवायला फुलांची गरज नाही. तरीही ज्यांच्याजवळ अंग झाकायला जेमतेम कापड होते त्यांनी बाळाच्या पांघरुणाला फुले लावल्याशिवाय ते पुरे मानले नाही. गरिबाची भेट नुसती उपयोगाची असून चालत नाही, तिला मान हवा.

अर्धे हृदय

हन्नासारखी ताटातूट झालेल्या आयांची एक नोंद लंडनमध्ये आहे, तीही कापडाचीच. तिथे १७४१ मध्ये फाउंडलिंग हॉस्पिटल नावाचे अनाथालय सुरू झाले. गरिबीमुळे मूल सांभाळू न शकणाऱ्या आया बाळ तिथे सोडत. पुढे कधी मूल परत न्यायचे झाले तर ओळख पटावी म्हणून बाळाच्या नोंदीला कापडाचा एक तुकडा टाचून ठेवत. असे हजारो तुकडे आजही जपून ठेवलेले आहेत.

त्यातला एक तुकडा एका मुलाचा आहे. फेब्रुवारी १७६७ मध्ये सारा बेंडर नावाच्या आईने आपला मुलगा तिथे ठेवला. चिंध्या जोडून केलेल्या एका कापडावर तिने हृदय भरले होते. ते तिने मधोमध कापले. अर्धे मुलाबरोबर गेले, अर्धे तिच्याजवळ राहिले. बहुतेक आयांना मूल परत नेता आले नाही. सारा मात्र आठ वर्षांनी, १७७५ मध्ये आली आणि आपला मुलगा घेऊन गेली. त्या तुकड्याची किंमत बाजारात काय झाली असती? काहीच नाही.

टबीथेच्या नावाने

आपल्या भागात लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावला १८२० मध्ये जोसेफ टेलर यांनी सुरू केले. १९०४ मध्ये ते मेथडिस्ट मंडळीकडे गेले. कॅथलिक लोक गोव्याच्या धर्मप्रांताखाली होते. बेळगाव धर्मप्रांत स्वतंत्र झाला तो १९५३ मध्ये. त्या काळच्या मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन, लेखन आणि शिवण हे तीन विषय बरोबरीने चालत. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही दुष्काळातून आलेल्या मुलींना आणि स्त्रियांना शिवण, विणकाम यांसारखी कामे शिकवली जात.

त्याच शतकात इंग्लंडमध्ये ‘डॉर्कस सोसायटी’ नावाची स्त्रियांची मंडळे निघाली. असेच एक मंडळ १८३४ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावर निघाले. नाव यापो येथील टबीथेचे, म्हणजेच डॉर्कसचे. ती मेली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेली वस्त्रे दाखवू लागल्या (प्रेषितांची कृत्ये ९:३९). तिची साक्ष अंगावर घातलेली होती. या मंडळांतल्या बायका एकत्र बसून गरिबांसाठी कपडे शिवत. अशाच शिवणमंडळांतून कपड्यांच्या आणि खेळण्यांच्या पेट्या भरून मिशनच्या शाळांकडेही जात. त्या बायकांचे प्रेम खरे होते. पण पेटीतला सदरा ज्याच्या अंगात जायचा तो मुलगा त्यांनी कधी पाहिलेला नसायचा. टबीथेने मात्र ज्या विधवांसाठी शिवले त्यांच्यातच ती राहत होती. आपल्या दानधर्मात आजही हाच फरक पडतो: आपण पेटी पाठवतो की माप घेतो?

यंत्र आणि बेळगावचे अधिवेशन

आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही यंत्रे आपल्या बाजारांत दिसू लागली. १९२४ च्या नोव्हेंबरमध्ये गांधीजींचे यंत्रांविषयीचे एक संभाषण ‘यंग इंडिया’त छापून आले. यंत्रांच्या हव्यासावर ते टीका करत होते, पण सिंगरच्या शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र काढले, असे त्यांचे म्हणणे. सिंगरचे खरे चरित्र याहून बरेच व्यवहारी आहे. पण गांधीजींची कसोटी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यंत्रामागे हाव आहे की माणसाविषयीची माया, हे त्यांनी पाहिले.

पुढच्याच महिन्यात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १९२४ रोजी, बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून ते उभे राहिले. काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले ते या एकाच अधिवेशनात. सभासदाने महिन्याला २,००० वार सूत द्यावे असे तिथे ठरले. वर्गणी पैशात नव्हे, हाताच्या कामात. बेळगावने हे शंभर वर्षांपूर्वी ऐकलेले आहे.

स्वस्त म्हणजे काय?

मुलगा चालू-बोलू लागला की त्याच्यासाठी शिवणे कमी होते. मुलीला चिंध्यांची बाहुली, मुलाला बाजारातली बॅट. पण पूर्वी मुलांनाही बरेच काही शिवून मिळायचे. चिंध्या घट्ट गुंडाळून, वरून कापड शिवून केलेला चेंडू, लगोरीला उत्तम आणि पाठीत बसला तरी फार न लागणारा. गोट्यांसाठी नाडी ओढायचा बटवा. बापाच्या जुन्या विजारीच्या कापडाचे दप्तर, त्यात पाटीसाठी वेगळा कप्पा. शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या पेठांमुळे बेळगावला कापडाच्या तुकड्यांची कधी वाण नव्हती. आजही शिंप्याच्या दुकानात चांगल्या चिंध्यांचे पोते भरलेले असते.

तरीही ही भेट स्वस्त असते असे सरसकट म्हणता येत नाही. निपाणीकडे पाहा. तंबाखूच्या या गावात किती पिढ्यांच्या बायकांनी वखारीत आणि घरी बसून विड्या वळल्या. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. अशा घरात आईने तासभर मुलाच्या दप्तराला दिला तर तेवढ्या विड्या कमी होतात आणि तेवढे पैसेही. कापड फुकटचे, पण तास फुकटचा नाही. मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेविषयी प्रभू जे बोलला (मार्क १२:४१-४४), ते त्या दप्तरालाही लागू आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ठिगळ लावलेला कपडा घालून शाळेत जाणाऱ्या मुलाला जी लाज वाटते ती खरी असते. गरिबीचे गोडवे गाणे सोपे असते, विशेषतः ज्याचे कपाट भरलेले आहे त्याला. म्हणून आपले नको झालेले मुलाच्या हातात देणे आणि त्याच्यासाठी जुन्या कापडातून नवे करणे, यांत गल्लत नको. एक भेट म्हणते, “हे आमच्याकडे उरले होते.” दुसरी म्हणते, “हे तुझ्यासाठी केले.” मुलाला हा फरक पटकन कळतो.

या आगमनकाळात

नाताळात आपण मुलांना घाऊक आणलेली खेळणी आणि एकाच मापाचे टी-शर्ट वाटतो. फोटो निघतो आणि जानेवारी उजाडेपर्यंत खेळण्याचे चाक निखळलेले असते. हे वाटप बंद करा असे माझे म्हणणे नाही. पण ज्यांना सुई धरता येते त्यांनी या वर्षी एकच मूल निवडावे. वसतिगृहात राहणारा एखादा मुलगा असेल तर फारच चांगले. तोही शमुवेलासारखा आईपासून दूर आहे.

आधी त्याच्याशी बोला. त्याच्याजवळ काय नाही ते विचारा, आवडता रंग विचारा, हाताची लांबी मोजा. मग चेंडू, बटवा, दप्तर, उशीचा अभ्रा, जे जमेल ते शिवा. नाव आतल्या बाजूला भरा, म्हणजे दहा पोरांत त्याला संकोच वाटणार नाही. कपडा असेल तर शिवणीत माया ठेवा. आणि सिद्दी बायकांची शिकवण विसरू नका, एखादे फूल लावाच. शक्य झाले तर त्याच्याही हातात सुई द्या. संत पौल तंबू शिवत होता आणि नामदेव महाराज शिंप्याच्या घरचे होते. शिवण हे काही फक्त मुलींचे काम नाही.

ज्यांच्या घरी बाळाचा स्नानसंस्कार आहे त्यांनी ते शुभ्र वस्त्र शक्य असेल तर घरी शिवावे. ते वस्त्र कुटुंबानेच आणावे हे बरे, असे स्नानसंस्काराच्या विधीतही सुचवलेले आहे. आजीच्या पांढऱ्या साडीचा एक हात लांब तुकडा त्याला पुरतो.

पवित्र शास्त्रात पहिली शिवण आदाम-हव्वेची आहे. त्यांनी अंजिराची पाने शिवून लाज झाकण्याचा प्रयत्न केला. ती पाने पुरणारी नव्हती. तेव्हा परमेश्वराने स्वतः त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रे केली आणि त्यांना घातली (उत्पत्ती ३:२१). बागेतून बाहेर जावे लागणाऱ्या लेकरांना देवाने उघडे पाठवले नाही. त्यांनी आज्ञा मोडली होती, तरी त्यांच्या अंगाचे माप देवाला ठाऊक होते. आपलेही आहे. आपण जेवढे आहोत तेवढेच पाहून तो थांबत नाही. पुढे किती वाढायचे आहे तेही तो धरून चालतो. त्याच्या शिवणीत आपल्यासाठी माया आहे.

प्रार्थना करू या:

हे प्रभू, तू बाळंत्यात गुंडाळला गेलास आणि आमच्यासारखा झालास. ज्या मुलांच्या आया आज दूर आहेत त्यांना तुझी ऊब दे. रात्री दिव्याखाली शिवत बसणाऱ्या हातांना बळ दे, त्यांचे डोळे जप. आम्हाला देताना मोजायला शिकव, आणि मोजून झाल्यावर थोडी माया जास्त ठेवायला शिकव. आमेन.